आडेसाहेबांच्या तारा

रविवारी सकाळी टाकीत पाणी किती आहे ते बघायला गच्चीवर गेलो आणि वाळत घातलेल्या चादरीखालून वाकताना तार कपाळाला लागली. लागली म्हणजे नुसती टेकली. पण मी तिथंच थांबलो, दोन्ही हात अंगाशी घेऊन, श्वास अडवून. विजेच्या खात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचं अंग त्याच्या डोक्याच्या आधी घाबरतं. चादरीचं पाणी मानेतून पाठीवर उतरत होतं. मग कळलं, की ही कपडे वाळत घालायची तार आहे, आणि कालपर्यंत इथं नायलॉनची दोरी होती. चादर सारून नीट पाहिलं. जाड, जस्त कुठं कुठं उडालेली, आणि दर चार हातांवर एक मोड. खुंटीला पीळ दिल्याशिवाय तारेला असा मोड पडत नाही. खाली आलो आणि रूपाला विचारलं, ही तार कुठून आणली. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्याच लोखंडी पेटीत होती. दोरी तुटली म्हणून शेजारच्या पवनले लावाले सांगतली. काहून?" मी म्हणालो, काढून टाक. ती म्हणाली, "वाळू द्या कपडे आधी." नवरा-बायकोच्या बोलण्यात असल्या गोष्टी इथंच संपतात. मी पेपर घेऊन बसलो आणि एकही ओळ वाचली नाही.

वाशीमला बदली होऊन मला वर्ष झालं. इथं मी तक्रारीच्या खिडकीवर बसतो. कोणाकडे लाइट नाही, कोणाचं मीटर बंद, कोणाच्या झाडाला तार घासते. त्याआधी आठ वर्षं मानोऱ्याकडच्या एका उपकेंद्रात ऑपरेटर होतो. ऑपरेटरचं काम सोपं. लाइन चढवायची, उतरवायची, आणि दर तासाला मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा. माणसं फार येत नाहीत. राजपाल आडे यायचा. वन्यजीव विभागाचा वनपाल, पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा. बुटका, काळा, चालताना उजवा पाय जरा फेकणारा. खाकी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर आणि हातात वाळलेला बांबू. पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तारेचं वेटोळं होतं आणि तो मला म्हणाला, "साहेब, एक खुंटी भेटन काय?" मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. पुढं महिन्याभरातच मी धम्मा झालो आणि तो शेवटपर्यंत आडेसाहेबच राहिला. माझ्या तोंडून नाव निघालंच नाही. आता निघतं, मनातल्या मनात, राजपाल, राजपाल, आणि त्याचा काही उपयोग नाही.

आमच्याकडे हरभरा घाट्यात आला की डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, रातोरात वावर साफ करतात. मग लोक धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, खुंट्या ठोकून उघडी तार ओढतात आणि खांबावर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. गुन्हा आहे हे पोराटोरांना माहीत आहे. तार सापडली की पंचनामा, जप्ती, अटक. राजपालनं माझ्या डोळ्यांदेखत असा पंचनामा एकदाही केला नाही. तो सकाळी मला फोन करायचा, "धम्मा, शेतीची लाइन गेली काय?" मी गेली म्हणालो की वावरात उतरायचा. तरीही माझ्या शब्दावर विसंबायचा नाही, आधी बांबू, मग टेस्टर, मग हात. तार सोडवून गुंडाळायची, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेतकऱ्याचं नाव लिहून तिला बांधायचं आणि आमच्या उपकेंद्राच्या मागच्या खोलीत खुंटीला अडकवायची. माल घरी आला की शेतकऱ्यानं यायचं, मान खाली घालून चहा प्यायचा आणि आपली तार घेऊन जायची. मी एकदा विचारलं, केस का करत नाही. तो म्हणाला, "केस केली तर हा दहा वर्षं वाशीमच्या कोर्टात चपला झिजवीन, अन् इकडे त्याचा पोरगा नवी तार लावीन. त्यापरीस तार माह्यापाशी अन् लाज त्याच्यापाशी राहू दे." मग तुमच्या ऑफिसात ठेवा की, मी म्हणालो. "तिथं ठेवली का मुद्देमाल होते. तुह्यापाशी ठेवली का नुसती तार." आणि मग त्याचं ते नेहमीचं, "तू करंट देतं, मी तार काढतो. दोघायलेबी सरकार पगार देते, पाय बरं!" स्वतःच्याच बोलण्यावर इतका हसायचा की चहा बशीत सांडायचा. हे असं दोन हंगाम चाललं, आणि त्यांत आमच्या शिवारात एकही रोही तारेला चिकटून मेला नाही. ही गोष्ट कुठल्याही कागदावर नाही, कारण असण्याची सोयच नव्हती.

मंगळवारी ग्यानबामामा आला तेव्हा तार अजून गच्चीवरच होती. मी ती काढली नव्हती. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मामाची कोर्टात तारीख होती. ग्यानबामामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ, आणि राजपालच्या मृत्यूच्या खटल्यातला आरोपी. जामिनावर आहे. तारखेला पहिल्या एसटीनं येतो, कोर्टात दिवसभर बाकावर बसतो, संध्याकाळी माझ्याकडे जेवतो आणि शेवटच्या गाडीनं परत जातो. जेवणाआधी बिडी ओढायला गच्चीवर गेला, त्याच्यामागून मी. तो तारेकडे बघत राहिला. बोटानं एक मोड चाचपला. "हे फुलसिंगच्या वावरातली हाय," तो म्हणाला. मी म्हटलं, कशावरून? "पीळ पाय ना. डावा हाय. फुलसिंग डावखोरा हाय लेकाचा." बिडीचा धूर सोडून जरा वेळानं म्हणाला, "माही तं कोर्टात हाय. मोहर लावून ठेवली त्यायनं." हे तो असं म्हणाला, जसं एखाद्यानं म्हणावं की माझी बैलजोडी पाहुण्याकडे आहे. मी कठड्याला धरून उभा राहिलो. "तू कायले घाबरतं, बापू? म्या तुहं नाव घेतलं नाई, घेणार बी नाई. कारंजाच्या बाजारातून आणली म्हणून सांगतलं, थेच सांगीन." मामानं हे उपकार म्हणून सांगितलं असतं तर मी ते फेडायची काहीतरी खटपट केली असती. पण त्याच्या लेखी तो उपकारच नव्हता. बहिणीचा पोरगा, त्याचं नाव कशाला घ्यायचं, एवढंच. जेवताना त्यानं रूपाकडून मिरचीचा ठेचा दोनदा मागून घेतला.

तार मी दिली होती. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल, पण त्यात काही भरच पडत नाही, ते तेवढंच राहतं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत मामा उपकेंद्रात आला. त्याची तार राजपालनं दहा-बारा दिवसांपूर्वीच काढून आणलेली, पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात 'ग्यानबा, नाल्याकडचं वावर'. मामा दारातच उकिडवा बसला. अर्धा हरभरा गेला म्हणाला, राहिला तेवढा तरी हाती येऊ दे. मी म्हटलं, मामा, आडेसाहेबांची वस्तू आहे. तो माझ्या पायांकडे बघत बसला. मी आयटीआयची दोन वर्षं त्याच्या घरी काढली होती. मामी चुलीपुढं बसून मला पहिली भाकर द्यायची आणि स्वतःच्या सतीशला दुसरी. मामानं यातलं अक्षरही काढलं नाही. काढलं असतं तर मी कदाचित चिडलो असतो आणि नाही म्हणालो असतो. "करंट नाई लावत," तो म्हणाला, "नुसती बांधतो. जनावराले भेव राह्यते." विजेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस मी. नुसत्या तारेला डुक्कर भीत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही. तरी मी पुठ्ठा सोडून घेतला आणि तार त्याच्या हातात दिली. आकडा टाकायचा नाही, असं दोनदा बजावलंही. बजावताना मला बरं वाटत होतं. आपण घरच्या माणसाच्या कामी आलो आणि नियमही सांगितला, असं दुहेरी बरं.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो. अधूनमधून करतोही. पण पुढचं आहे. तार गेल्यावर भिंतीवर एक खुंटी मोकळी दिसू लागली. राजपाल आला की मागच्या खोलीत डोकावायचाच, शेतकरी दावणीवरून नजर फिरवतो तसा. तो काही रागावला नसता. दोन दिवस चिडवलं असतं, मामाचा भाचा म्हणून, आणि बांबू घेऊन मामाच्या वावरात गेला असता. एवढ्याचीच मला लाज वाटली. मी कोपऱ्यात पडलेलं आमच्याच खात्यातलं जुन्या तारेचं वेटोळं उचललं, मामाचा पुठ्ठा त्याला बांधला आणि त्या खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी राजपाल आला, दारातून आत पाहिलं, "बरोबर," म्हणाला आणि चहाला बसला. त्याच्या आईला, सोनीबाईला, पोहरादेवीच्या यात्रेला नवी मोटारसायकल घेऊन न्यायचं चाललं होतं. मागं बसून तिला धरायला काही पाहिजे, म्हणून तो कडी वेल्डिंग करून घेणार होता. कडीबद्दल आम्ही पाऊण तास बोललो. सांगता आलं असतं. पाऊण तास फार मोठा असतो.

त्यानंतर चौथ्या सकाळी नाल्यापलीकडच्या विहिरीत काळवीट पडलं. ज्याची विहीर त्यानं राजपालला फोन केला. उजाडत होतं, धुकं होतं, लाइन त्या आठवड्यात सकाळी आठपर्यंत होती आणि हे राजपालला माहीत होतं. म्हणून लाइन गेली का विचारायला त्यानं मला फोन केलाच नाही. विहिरीकडे तीन वावरांतून जाता येत होतं. दोन वावरांत तारा असतील असा त्याचा अंदाज असणार, कारण ती त्यानं टाळली. तिसरं मामाचं. त्या वावराची तार माझ्या खुंटीवर होती, त्यानं स्वतःच्या हातानं पुठ्ठा लिहिलेला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. तो बांबू न टेकवता सरळ धावत गेला. सगळ्या शिवारात त्याच्या हिशेबानं तेवढंच वावर सुरक्षित होतं. दव इतकं होतं, की त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, असं नंतर पोलीस म्हणाले. मी त्या वेळी ड्युटीवर होतो. सहाला मीटरवरचा आकडा लिहिला, सातला लिहिला. दोन्ही वेळी चौऱ्याऐंशी अँपिअर. एवढ्या मोठ्या लाइनवर एक माणूस जातो तेव्हा काटा हलतसुद्धा नाही. काळवीट दुपारी लोकांनी बाजेला दोर बांधून वर काढलं. ते पळून गेलं.

त्याच दुपारी मी सगळे पुठ्ठे काढून चुलीत घातले आणि तारा भंगारात फेकल्या. फुलसिंगची तेवढी कशी राहिली कोण जाणे. घाईघाईनं पेटीत टाकली असेल. रडलो मी आठ दिवसांनी, आंघोळ करताना, साबण डोळ्यांत गेल्यावर. मामानं आकडा का टाकला, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. मला उत्तर माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे, की मला तेव्हाही माहीत होतं.

गेल्या सप्टेंबरात, अकरा तारखेला, वनशहीद दिनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. हार घातलेल्या फोटोत राजपाल चिडल्यासारखा दिसत होता. फोटोसाठी हसू नका म्हटल्यावर तो तसाच दिसायचा. एक साहेब बोलले. आडे कर्तव्यकठोर होते, तारा लावणाऱ्यांचे कर्दनकाळ होते, त्यांनी कोणाची गय केली नाही. लोकांनी मान हलवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, त्यानं सगळ्यांचीच गय केली. त्याच्या खुंट्यांवर अख्ख्या शिवाराची गय टांगलेली होती. पण असं म्हणायचं, तर त्या खुंट्या कोणाच्या भिंतीवर होत्या तेही सांगावं लागलं असतं. मी दोन मिनिटं उभा राहिलो, सगळ्यांसारखा, आणि मग बसलो. एक माणूस मरतो आणि त्याच्या जागी दुसराच कोणी कडक माणूस हार घालून भिंतीवर बसवतात. खरा माणूस कसा होता हे ज्याला माहीत, तो तोंड शिवून बसलेला.

बुधवारी रंजीताचा फोन आला. राजपालची बायको. अनुकंपेवर तिला इथंच वाशीमला वनखात्याच्या एका ऑफिसात आवक-जावकचं टेबल मिळालं आहे. मी तिला वर्षभर टाळत आलो, आणि वाशीमसारख्या गावात कोणाला टाळणं म्हणजे रोज रस्ते बदलणं. "भाऊ, यंदा त्यायचं नाव शहीदायच्या भिंतीवर लागून राह्यलं," ती म्हणाली. "तुमी या अन् दोन शब्द बोला. तुमच्याइतकं कोणी नव्हतं त्यायले. अन् एक विचाराचं होतं. फोनवर नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गेलो. बाकीचे डबे घेऊन बाहेर गेले होते. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. चौकशी अहवालाची झेरॉक्स, घड्यांवर फाटायला आलेली. तिनं बोट ठेवून वाचलं, सावकाश, शाळेत वाचतात तसं, "'सदर वनपाल यांनी शेतात प्रवेश करतेवेळी पुरेशी दक्षता घेतल्याचे दिसून येत नाही.'" कागद खाली ठेवला. "माह्या माहेरी लग्न होतं भाऊ, तं मांडवाच्या लायटिंगलेबी टेस्टर लावून पाहत होते. हसले सारे. अन् हे लिहितात दक्षता घेतली नाई. नाव लागन, हार घालतीन, पण हे तं फायलीत राहीनच ना? पोरगी मोठी होऊन वाचीन. सासू म्हणते, तुह्याशी भांडून गेल्ता का त्या दिवशी, म्हणून ध्यान नव्हतं. म्या आठवू आठवू पाह्यते. नव्हतो भांडलो. का भांडलो होतो? आता तं मलेच समजत नाई." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले माहीत हाय ते कसे होते. मले एवढंच सांगा. त्यायनं पाह्यलं काहून नाई?"

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. धुकं होतं, घाई होती, जनावर बुडत होतं. वर्षभर मी ते घासून पुसून ठेवलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. तोंड उघडलं तर दुसरंच निघालं. खुंट्या, पुठ्ठे, मामा, भाकरी, बदललेलं वेटोळं, त्याचं "बरोबर", सगळं. मध्ये एकदा शिपाई येऊन गेला, तेवढा थांबलो. ती हलली नाही. माझं झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली, जुन्या खुणांवरूनच.

"म्हणजे त्या वावरात तार नाई, असंच त्यायच्या मनात होतं," ती म्हणाली.

"हो."

"मंग त्यायचं ध्यान होतं."

"पूर्ण होतं."

"माह्याशी भांडून नव्हते गेले."

"नाही, वहिनी."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. डोळे भरले, पण ते रडणं नव्हतं. घट्ट बांधलेलं काहीतरी सुटावं तसं ती पाठ टेकून बसली. आणि मला, सांगायला लाज वाटते, भूक लागली. दीड वर्षात पहिल्यांदा अशी कडकडून भूक. वाटलं, झालं. आता ती मला शिव्या देईल, हाकलून देईल, मामासोबत मलाही कोर्टात उभं करील. करू दे. मी लिहून देतो म्हणालो. कुठंही सही करतो.

तिनं टेबलावरचे शिक्के एका ओळीत लावले. मग बोलली तेव्हा आवाज बदललेला होता, ऑफिसातला. "लिहून देसान, तं विचारतीन का तारा तिथं कायले होत्या. किती होत्या. केस काहून केल्या नाई. दोन वर्षं मुद्देमाल लपवला म्हणतीन. भिंतीवरचं नाव उतरन. अन् म्या त्यायच्याच जागेवर बसली हाय. सासूले सांगू? ते तुमच्या मामाच्या नावानं रोज बोटं मोडते. मंग तुमच्याबी नावानं मोडीन. अन् लेकाच्याबी, लोकायच्या तारा कायले सांभाळल्या म्हणून. पोरीले सांगू?"

बाहेर डबे बंद झाल्याचे आवाज येत होते. तिनं अहवाल पिशवीत घातला, पिशवी ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर लावला.

"अकरा तारखेले या तुमी," ती म्हणाली. "बोला. साहेब लोकं बोलतात तसंच बोला. लय कडक होते म्हणा."

मी उठलो. दारापर्यंत गेलो असेन, तेव्हा तिनं हाक मारली. राग नव्हता त्यात. खरंच विचारत होती.

"भाऊ, तुमी तं सांगून मोकळे झाले. आता हे मी कोठी ठेवू?"